परक्याची शिबंदी

मालवणच्या धक्क्यावरून होडींत बसून सिंधुदुर्गास जाणारा प्रवासी शिवराजेश्वराचें दर्शन घेतो, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून आश्चर्य करतो आणि परत फिरतो. तटाच्या आंत अजूनहि मोजकीं बिऱ्हाडें नांदत आहेत, इकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. हीं घरें म्हणजे गडाच्या जुन्या शिबंदीचा अवशेष होय. राजे गेले, तोफा गंजल्या, निशाण बदललें. पण ज्यांच्या पूर्वजांस गड राखण्यासाठीं येथें वसविलें, त्यांपैकीं कांहींनीं हें बेट सोडलें नाहीं.

'शिबंदी' हा शब्द आपल्या घरांतहि परका नाहीं. लग्नकार्यांत माणसांची गर्दी झाली म्हणजे एखादे वडील गृहस्थ 'एवढी शिबंदी पोसायची कशी?' असें हंसत विचारतात. मूळ शब्द मात्र पगाराच्या हिशेबांतून आलेला आहे. फारशी 'सिह' म्हणजे तीन. ज्याला तीन तीन महिन्यांनीं पगार मिळतो तो शिबंदीचा शिपाई. राज्याच्या खड्या फौजेहून तो निराळा. गड राखणें, वसूल आणणें, घाटवाटांवर पहारा करणें हें त्याचें काम.

असाच एक शब्द आफ्रिकेच्या वायव्य टोंकास, मोरोक्को देशांत, रूढ होता. तो शब्द 'गूम'. अरबी 'कौम' या शब्दाचें हें तिकडील रूप. तोच 'कौम' फारशी-उर्दूच्या वाटेनें आपल्याकडेहि आला आहे. आधीं जमात, मग त्या जमातीचे हत्यारबंद लोक, आणि शेवटीं फ्रेंच सरकारच्या पगारावर असलेली डोंगरी शिपायांची तुकडी, असा या शब्दाचा अर्थ बदलत गेला. गुमांतील शिपायास फ्रेंच लोक 'गुमिए' म्हणत. एक शब्द सह्याद्रीच्या पायथ्याचा, दुसरा ॲटलास पर्वताच्या खिंडींतला. परंतु दोहोंच्या मागें एकच प्रश्न उभा आहे. आपल्याच मुलुखांतील माणूस परक्याच्या पगारावर आपल्याच मुलुखावर शस्त्र कां उचलतो? 'फितुरी' हें त्याचें सर्वांना सुचणारें उत्तर. उत्तर फार सोपें आहे, म्हणूनच तें एकदां तपासून पाहिलें पाहिजे.

प्रथम आपल्या घरचें पाहूं. शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे तिघे मुख्य अधिकारी असत, हें आपण शाळेंत शिकलों. त्यांच्या हाताखालच्या गडकऱ्यांविषयीं मात्र फारसें वाचनांत येत नाहीं. गडकऱ्याची चाकरी वंशपरंपरेची असे. गडाखालीं त्याची जमीन, जमिनीवर त्याचें कुटुंब, आणि वर तटावर त्याचा पहारा. गड पडला तर पहिला धूर त्याच्याच घरावर दिसणार. तेव्हां गडाचें रक्षण आणि स्वतःच्या चुलीचें रक्षण हीं त्याच्या दृष्टीनें दोन कामें नव्हतीं. राजास निष्ठावंत शिपाई मिळे, शिपायास बूड टेकण्यास जागा मिळे.

ही जागा इंग्रजी अंमलांत हलूं लागली. १७६५ मध्यें इंग्रजांनीं सिंधुदुर्ग घेऊन त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असें नांव दिलें होतें. लौकरच तो कोल्हापूरकरांस परत मिळाला, आणि तें नांवहि मागें पडलें. परंतु १८१२ च्या तहांनीं मालवण कोल्हापूरकरांकडून व वेंगुर्लें वाडीकर सावंतांकडून कायमचें इंग्रजांकडे गेलें. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली. किनारा इंग्रजांचा झाला. घाटाच्या दोन्ही अंगांस कोल्हापूर व सावंतवाडी हीं संस्थानें आणि त्यांचे गड तेवढे उरले.

याच सुमारास खानदेशांत एक प्रयोग चालू होता. सातपुड्यांतील व सातमाळ्यांतील भिल्लांस फौजेनें वठणीवर आणणें कंपनीस जमेना. फौज मैदानांतली, वाटा डोंगरांतल्या. आणि हिवतापानें गोऱ्या शिपायांपेक्षां भिल्लांचेंच काम अधिक केलें. तेव्हां माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असतांना १८२५ मध्यें जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्यास भिल्लांचीच पलटण उभारण्याचें काम सांगण्यांत आलें. औट्रम भिल्लांत जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर वाघांची शिकार केली, त्यांचा विश्वास संपादन केला. आणि धरणगांव येथें ठाणें करून भिल्ल पलटण उभी राहिली. भिल्लांस धरण्यासाठीं भिल्ल! डोंगर ज्यांच्या पायांखालचा, त्यांचेच पाय भाड्यानें घ्यावे, ही त्यांतील मेख. इंग्रजी इतिहासकारांनीं या युक्तीची फार वाखाणणी केली आहे. हिशेबाच्या दृष्टीनें ती वाखाणण्यासारखीच होती, कारण गोऱ्या शिपायाच्या खर्चांत असे कित्येक शिपाई पोसतां येत.

हाच औट्रम एकोणीस वर्षांनीं सावंतवाडीच्या रानांत आला. १८३८ मध्यें खेमसावंतांकडून वाडीचा कारभार इंग्रजांनीं आपल्या हातीं घेतला होता. त्यानंतर दोनदां बंडें झालीं. पुढें १८४४ मध्यें कोल्हापुरांत दाजी कृष्ण पंडित या इंग्रजांनीं नेमलेल्या कारभाऱ्यानें नवी व्यवस्था लावण्यास आरंभ केला. गडकऱ्यांच्या जमिनींची देखरेख मामलेदारांकडे गेली. आज देखरेख गेली, उद्यां जमीन जाईल, हा संशय गडकऱ्यांच्या मनांत शिरला. सामानगडाच्या गडकऱ्यांनीं दरवाजे लावून घेतले; भुदरगड त्यांस मिळाला; पन्हाळ्यापर्यंत वणवा पोंचला. घाटाखालीं वाडीच्या मुलुखांत फोंडसावंत तांबूळकर आपल्या आठ मुलांसह उठले. खुद्द राजपुत्र अण्णासाहेब बंडवाल्यांस जाऊन मिळाले. मनोहरगडाच्या गडकऱ्यांनीं त्यांस गडावर घेतलें आणि त्यांच्या नांवानें वसूल सुरू केला.

मनोहर आणि मनसंतोष हे जोडकिल्ले आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, शिवापूर-शिरशिंगे या गांवांच्या माथ्यावर आहेत. आग्र्याहून सुटून आल्यावर शिवाजी महाराज कांहीं दिवस मनोहरगडावर राहिले होते, असें सांगतात. त्या गडाच्या पायथ्याशीं १८४५ च्या जानेवारींत औट्रमची फौज येऊन भिडली. गड पडले, बंडवाले रानांतून निसटून गोव्याच्या हद्दींत गेले, आणि पोर्तुगीजांनीं त्यांस आसरा दिला. पुढें दोन्ही गड निकामी करण्यांत आले.

या धामधुमीच्या काळांतच वाडीस इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं एक स्थानिक पलटण उभी राहिली. सरकारी कागदांत तिला 'सावंतवाडी लोकल कोअर' म्हणत. खड्या फौजेंत तिची गणना नव्हती. पोलिटिकल सुपरिंटेंडेंटाच्या हातांतील तें एक हत्यार होतें. आतां या दोन माणसांची तुलना करून पाहा. १८४४ सालचा गडकरी आणि त्यानंतरचा पलटणीचा शिपाई हे दोघे एकाच मातीचे, एकाच भाताच्या पेजेवर वाढलेले, एकाच देवळांत गाऱ्हाणें घालणारे. फरक एवढाच कीं, पहिल्यास पायाखालीं जमीन होती. दुसऱ्यास महिन्याचा पगार होता. पहिल्याची जमीन डळमळली तेव्हां तो उठला. दुसऱ्यास चुकतां पगार मिळत होता तोंवर त्याच्या उठण्याचें भय नव्हतें. ज्या रानवाटांवरून बंडवाले गोव्यास गेले, त्या रानवाटांची राखण वाटा जाणणाऱ्यांकडेच यावी, ही त्या व्यवस्थेची अपेक्षा होती.

आतां समुद्रापलीकडे जाऊं. १९०७ मध्यें फ्रेंचांनीं कासाब्लांका येथें फौज उतरविली आणि १९०८ मध्यें जनरल दामाद यानें आसपासच्या शाविया प्रांतांत पहिले गूम उभारले. १९१२ च्या फेझच्या तहानें मोरोक्को फ्रेंचांच्या 'संरक्षणा'खालीं गेला. सुलतान गादीवर राहिला, कारभार फ्रेंच रेसिडेंटाच्या हातीं आला. आपल्या संस्थानी वाचकांस ही तऱ्हा समजावून सांगण्याची गरज नाहीं. एकेका गुमांत सुमारें दोनशें शिपाई असत, बहुतेक पायदळ, कांहीं घोडेस्वार. वर दोन-चार फ्रेंच अधिकारी. ते अरबी किंवा बर्बर भाषा बोलणारे, शिपायांचे तंटे ऐकणारे, एका परीनें औट्रमचेच वारस. शिपाई बहुतेक ॲटलासच्या डोंगरांतील बर्बर जमातींतले. अंगांत पट्ट्यापट्ट्यांचा जाड लोंकरी झगा. त्याला ते 'जेलाबा' म्हणतात. आपल्या धनगराच्या घोंगडीसारखाच तो पावसांत छत्री आणि रात्रीं अंथरूण होई.

ॲटलासमधील जमाती एकेक करून जिंकण्यास फ्रेंचांस १९३४ साल उजाडलें. त्या सर्व मोहिमांत गूम आघाडीला होते. आज जिंकलेल्या जमातींतून शिपाई घ्यावे आणि उद्यां शेजारच्या जमातीवर सोडावे, असा क्रम होता. जिंकल्या गेलेल्या डोंगरी मनुष्यास कुरणें गमावल्यावर दुसरी वाट तरी कोणती होती? बंदूक त्याच्या ओळखीची, डोंगर त्याच्या ओळखीचा; पगार मात्र नवा होता.

१९४० मध्यें जर्मनीनें फ्रान्स पाडलें. तहानें मोरोक्कोंतील फ्रेंच सैन्यावर मर्यादा आल्या, तेव्हां फ्रेंच अधिकाऱ्यांनीं या गुमांस सुलतानाचे पोलीस म्हणून दाखवून हत्यारें डोंगरांत दडवून ठेवलीं. जी शिबंदी खड्या फौजेंत मोजण्याइतकी मानाची नव्हती, ती या वेळीं न मोजल्यामुळेंच वांचली! पुढें १९४३ मध्यें ट्युनिशिया, सिसिली व कॉर्सिका, आणि मग इटली, अशी ती लढत गेली.

इटलींत त्यांची आणि आपल्या लोकांची वाट एकाच रणांगणावर आली. मोंते कास्सिनोच्या डोंगरानें दोस्तांच्या फौजा महिनोन् महिने अडवून धरल्या होत्या. १९४४ च्या मे महिन्यांत ११ तारखेच्या रात्रीं अखेरचा हल्ला झाला. कास्सिनोखालून वाहणारी गारी नदी ज्या आठव्या हिंदी डिव्हिजननें ओलांडली, तिच्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. तीच नदी पुढें लिरीस मिळून गारिल्यानो होते. तेथून फ्रेंच सेनापती ज्युआं याची फौज निघाली, आणि जनरल गिय्योमच्या हाताखालील गुमिए औरुंची डोंगरांत शिरले. तो डोंगर फौजेस ओलांडतां येणार नाहीं, अशी जर्मनांची समजूत होती. खेचरें आणि जेलाबा घातलेले हे डोंगरी लोक तो ओलांडून गेले, आणि जर्मनांची फळी बाजूनें उघडी पडली.

मराठ्यांच्या पलटणी खड्या फौजेंतल्या होत्या, शिबंदींतल्या नव्हत्या, हा भेद येथें ध्यानांत ठेवला पाहिजे. तथापि पोट भरण्याकरितां परक्याच्या निशाणाखालीं दूर देशीं मरणें हें दोघांच्याहि वांट्यास आलें. त्यानंतर दोनच महिन्यांनीं, १० जुलै १९४४ रोजीं, माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे यांनीं टायबर नदीच्या खोऱ्यांत एकट्यानें मशीनगनचें ठाणें जिंकलें आणि तेथेंच त्यांना वीरमरण आलें. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोंकणच्या भातशेतींतला बावीस वर्षांचा तरुण इटलीच्या डोंगरांत पडला.

गुमिएंच्या कथेचें दुसरें पान मात्र काळें आहे, आणि तें लपविणें योग्य होणार नाहीं. विजयानंतर औरुंची डोंगरांतील व चोचारिया प्रांतांतील गांवांतून स्त्रियांवर भयंकर अत्याचार झाले. वृद्धा व कुमारिका यांचाहि अपवाद राहिला नाहीं. इटालियन भाषेंत त्या अत्याचारांस 'मोरोक्कनांचें कृत्य' अशा अर्थाचा एक शब्दच रूढ झाला. आल्बेर्तो मोराविया या कादंबरीकारानें १९५७ मध्यें त्यावर कादंबरी लिहिली, आणि १९६० मध्यें तिचा चित्रपट निघाला. कांहीं अपराध्यांस फ्रेंच लष्करी न्यायालयांनीं देहान्त शासन दिलें. पण आवर घालण्याचें काम ज्या वरिष्ठांचें होतें, त्यांनीं तो वेळेवर घातला नाहीं. ज्या माणसास आपण केवळ दरारा बसविण्यासाठीं पोसतों, तो दरारा कोठें थांबवावा हें त्यास कोणीं शिकविलेलें नसतें. यानें अपराध्याचा अपराध कमी होत नाहीं; पोसणाऱ्याचा मात्र वाढतो.

काम संपल्यावर या लोकांचें काय झालें? गूम पुढें इंडोचायनांत नेण्यांत आले, आणि १९५० च्या ऑक्टोबरांत काओ बांगच्या रस्त्यावर त्यांच्या तुकड्यांची धूळधाण झाली. एका गुलाम देशाचे शिपाई दुसऱ्या गुलाम देशाच्या रानांत पडले. १९५३ मध्यें फ्रेंचांनीं सुलतान पांचवा महंमद यास पदच्युत करून हद्दपार केलें. १९५५ मध्यें त्यास परत आणावें लागलें, आणि १९५६ मध्यें मोरोक्को स्वतंत्र झाला. गूम मोडले, शिपाई नव्या राजसेनेंत आले. त्यानंतर १९५९ च्या अखेरीस फ्रान्सनें कायदा करून जुन्या वसाहतींतील शिपायांचीं पेन्शनें होतीं तेथेंच गोठविलीं. शेजारीं लढलेल्या फ्रेंच शिपायाचें पेन्शन महागाईप्रमाणें वाढत गेलें; ॲटलासमधल्या म्हाताऱ्याचें अर्धशतक तसेंच राहिलें. २००६ मध्यें एका चित्रपटानें या शिपायांची कथा लोकांपुढें आणली तेव्हां सरकार हललें, आणि हा भेदभाव घटनेविरुद्ध असल्याचा निकाल फ्रान्सच्या घटना परिषदेनें २०१० मध्यें दिला. तोंपर्यंत पेन्शन घेणारे बहुतेक हात मातीखालीं गेले होते.

आपल्याकडे हेंच दुसऱ्या रीतीनें घडलें. कोंकणांतील महार शिपायांनीं मुंबईच्या सैन्यांत पिढ्यान् पिढ्या चाकरी केली. १८९० नंतरच्या दशकांत 'लढाऊ जाती'चें नवें शास्त्र निघालें आणि त्यांची भरती बंद झाली. महाडजवळच्या रावदळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर शिपाई, यांनीं ही भरती पुन्हां सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्यें सरकारास अर्ज केला. पहिल्या महायुद्धांत माणसें हवीं झालीं तेव्हां पलटण उभारली, युद्ध संपतांच मोडली; दुसरें महायुद्ध आलें तेव्हां १९४१ मध्यें महार रेजिमेंट उभी केली. गरज पडली कीं हांक, गरज सरली कीं विसर!

उलट १८४४ च्या बंडांतील राजपुत्र अण्णासाहेब यांस यथावकाश क्षमा झाली आणि १८६७ मध्यें वाडीची गादीहि मिळाली. ती मिळाली याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. पण मनोहरगडाच्या गडकऱ्यांस त्यांचा गड परत मिळाला नाहीं.

आतां एक अवघड गोष्ट. हा लेख वाचणाऱ्या बहुतेक घरांत तलवार नव्हती, लेखणी होती. दाजी कृष्ण पंडितांची नवी व्यवस्था कागदावर उतरविणारे, जमिनींचीं खातीं लिहिणारे, कचेरींत 'हुकुमावरून' अशी सही करणारे कोण होते? गडकऱ्याच्या हातांतून जी जमीन निसटली ती आधीं कागदावर निसटली. आमचे पूर्वज दुष्ट होते असें नव्हे. त्यांतील कित्येक सचोटीचे आणि कष्टाळू होते. परंतु परक्याच्या शिबंदींत केवळ भालाईतच असतात असें समजण्याचें कारण नाहीं. लेखणीचीहि शिबंदी असते, आणि तिचा पगार अधिक नियमित असतो. वाडीच्या शिपायास किंवा ॲटलासच्या गुमिएस फितूर म्हणण्यापूर्वीं आपल्या घरची दौत एकदां पाहून घ्यावी.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें दिसतें. परकी सत्ता आधीं माणसाच्या पायाखालची जमीन काढून घेते, आणि मग त्याच जमिनीचा लहानसा तुकडा पगार म्हणून त्याच्या हातावर ठेवते. त्या हातानें पुढें जें केलें त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. चोचारियांतील स्त्रियांस ही माहिती देऊन समाधान होणार नाहीं, आणि होऊंहि नये. पण जाब विचारणाऱ्यानें दोन माणसांस बोलावलें पाहिजे: एक ज्यानें शस्त्र उचललें तो, आणि दुसरा ज्यानें त्याच्या हातीं दुसरें कांहींच शिल्लक ठेवलें नाहीं तो.

कोंकणांत अशीं पुष्कळ घरें आहेत कीं ज्यांच्या माजघरांतील पेटींत एखादें पदक, एखादें पेन्शनचें जुनें पुस्तक, एखादा पलटणीचा फोटो सांपडेल. मुलांनीं विचारलें तर त्यांस केवळ पदक दाखवूं नये, आणि लाजेनें पेटीहि झांकूं नये. आजोबा कोठें लढले, कोणासाठीं लढले, आणि घरीं शेत असतांना त्यांस तेथें कां जावें लागलें, हें तिन्ही सांगावें. सिंधुदुर्गाच्या तटाआंत आजहि चूल पेटते. ज्यांच्या पूर्वजांनीं गड आपला म्हणून राखला त्यांची ती चूल आहे. तिचा धूर पाहून मनोहरगडाच्या त्या ओस पडलेल्या माथ्याची आठवण व्हावी, एवढीच इच्छा आहे.